घरचा कॅमेरा आणि विमानाची खिडकी

गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं तीन पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आहे. घरांतील मुंजी-बारशांचीं आणि प्रवासाचीं चलच्चित्रें घेण्यास लहानसा कॅमेरा कोणता घ्यावा, हा तो प्रश्न. त्यांपैकीं एक पत्र ठाण्याच्या एका भगिनीचें आहे. त्यांचें कुटुंब अकरा माणसांचें, एकत्र नांदणारें. येत्या मार्गशीर्षांत सर्व मंडळी गोव्यास कुलदेवतेच्या दर्शनाला जाणार असून, ब्यायशीं वर्षांच्या सासूबाईंस आगगाडीचा लांबचा प्रवास सोसवत नाहीं म्हणून विमानानें जावयाचें ठरलें आहे. सासूबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास. त्याचें चित्रण घरीं राहावें अशी सर्वांची इच्छा आहे. परंतु पुतण्याच्या मतें त्याकरितां उत्तम प्रतीचा कॅमेराच पाहिजे, आणि थोरल्या भावोजींच्या मतें प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतां आणखी एक यंत्र घेणें म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय. "निर्णय तुम्ही द्यावा," असें या भगिनी लिहितात.

पत्र एवढ्यावरच संपलें असतें तर आम्हींही दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे झालों असतों. परंतु पत्राच्या शेवटीं, जागा उरली म्हणून लिहावें तशीं, हीं वाक्यें आहेत: "आमचे मामंजी जाऊन नऊ वर्षें झालीं. आमच्या लग्नाच्या व्हिडिओंत ते जवळजवळ प्रत्येक प्रसंगीं दिसतात, बोलतात, हंसतात. पण चित्रण करणारानें वरून सर्वत्र सनई आणि सिनेमाचीं गाणीं घातलीं असल्यामुळें त्यांचा एक शब्दही ऐकूं येत नाहीं. धाकटी मुलगी विचारते, आजोबांचा आवाज कसा होता, आणि मला सांगतां येत नाहीं."

हीं वाक्यें वाचल्यावर प्रश्नाचें स्वरूपच पालटतें. दुकानदार ज्या आंकड्यांची माळ आपल्यापुढें ओढतो, त्यांत या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर कोठेंच नसतें. म्हणून यंत्राची निवड आम्ही थोड्या निराळ्या वाटेनें करणार आहोंत; वाचकांनीं धीर धरावा.

आपल्या भोंवतालचें जग हलत्या चित्रांत धरून ठेवण्याची हौस महाराष्ट्रांत नवी नव्हे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें; आणि केंब्रिज येथें सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचें १९०१ सालीं मुंबईस जें स्वागत झालें, तेंही त्यांनींच टिपलें. त्या फितींस वाणी नव्हती, कारण तेव्हां ती देणेंच शक्य नव्हतें. पुढें १९८५ सालीं सोनी कंपनीनें हँडीकॅम या नांवाखालीं हातांत मावेल असा कॅमेरा विक्रीस आणला, आणि चित्र व ध्वनि एकाच टेपेवर घेण्याची सोय हळूहळू सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आली. म्हणजे वाणी घरापर्यंत चालत आली, आणि आपण तिच्यावर सनईची पट्टी चिकटवून मोकळे झालों! हा दोष यंत्राचा नव्हे, आपल्या आवडीचा होय. अजूनही समारंभाचें चित्रण करणारे लोक विचारल्यावांचून गाणीं घालतात. त्यांस आरंभींच बजावून मूळ ध्वनीसह सर्व चित्रण वेगळें मागून घ्यावें.

तर कॅमेऱ्याची पहिली परीक्षा कानानें घ्यावी. दुकानांत जातांना घरांतील एका हळू बोलणाऱ्या माणसास बरोबर न्यावें. त्यास चारपांच फुटांवर उभें करून, डोक्यावर पंखा चालूं ठेवून, नेहमींच्या आवाजांत चार वाक्यें बोलावयास सांगावें आणि तें चित्रण तेथेंच कानांत इअरफोन घालून ऐकावें. पंख्याच्या घरघरींतून शब्द स्वच्छ निघाले तर पुढें बोलणें करावें. न निघाले तर कॅमेऱ्याचें चित्र कितीही देखणें असो, तो परत फळीवर ठेवावयास सांगावें. दुसरी गोष्ट, बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय आहे कीं नाहीं तें पाहावें. पदरास किंवा सदऱ्याच्या काजाला लावतां येणारा लहान माइक फार महाग नसतो, आणि वृद्ध माणसाच्या तोंडून जुन्या आठवणी ऐकतांना त्याच्याइतका उपयोगी जिन्नस दुसरा नाहीं. मोकळ्या हवेंत माइकवर बसविण्याची केसाळ टोपी बरोबर मिळाली तर घ्यावी. ती दिसावयास खुळचट दिसते, परंतु समुद्रावरचा वारा तिच्यापुढें नमतो. आणि यंत्र कोणतेंही असो, जवळ जाण्यावांचून गत्यंतर नाहीं. झूम केल्यानें आजीचा चेहरा जवळ येतो, आजीचा आवाज येत नाहीं.

आतां थोरल्या भावोजींच्या पक्षाकडे वळूं. मोबाइल बाद करण्याजोगा आहे काय? मुळींच नाहीं. गेल्या चारपांच वर्षांत निघालेल्या चांगल्या मोबाइलचें चित्रण उजेडांत इतकें सुरेख येतें कीं, घरच्या पडद्यावर पाहणारास भेद कळणार नाहीं. ज्या घरांत वर्षांतून दोनचार प्रसंगच टिपावयाचे असतात, त्यांनीं नवा कॅमेरा न घेतां एक कपड्यास लावण्याचा माइक आणि एक लहान तिवई घ्यावी, म्हणजे निम्म्याहून अधिक काम झालें. हें आम्ही पुतण्याचा हिरमोड करण्यासाठीं लिहीत नाहीं. तेंच खरें आहे.

परंतु एकत्र कुटुंबांत मोबाइलची एक अडचण आहे, आणि ती तांत्रिक नाहीं. मोबाइल एकाचा असतो. त्यांतील चित्रण त्या एकाच्या जागेंत राहतें, त्याच्या मर्जीनें पुसलें जातें, आणि तो मोबाइल विकला, हरवला वा पाण्यांत पडला कीं घराचा तेवढा इतिहास नाहींसा होतो. सर्वांच्या मोबाइलांत थोडें थोडें असतें आणि घराच्या कपाटांत कांहींच नसतें. शिवाय ऐन संध्येच्या वेळीं, बटु मातेकडे भिक्षा मागत असतां, मोबाइलवर कोणा तरी विमा-विक्रेत्याचा फोन येतो! घराचा कॅमेरा मात्र पंचांगाप्रमाणें सर्वांचा असतो. ज्याला पाहिजे त्यानें घ्यावा, काम झालें कीं जागेवर ठेवावा. अकरा माणसांच्या घरांत, जेथें म्हातारीं व लहान मुलें दोन्ही आहेत, तेथें असा एक कॅमेरा असणें आम्हांस उधळपट्टी वाटत नाहीं.

मग तो कोणत्या जातीचा असावा? बाजारांत आज चार जाती दिसतात. त्यांतील साहसी खेळांकरितां निघालेले गोप्रोसारखे कॅमेरे पाण्यांत बुडाले, दगडावर आपटले तरी डगमगत नाहींत. परंतु त्यांचा संवेदक, म्हणजे ज्या चकतीवर भिंगांतून आलेलें चित्र पडतें ती, लहान असतो आणि भिंग अति रुंद दृष्टीचें. समईच्या उजेडांत त्यांचें चित्र दाणेदार येतें आणि कडेला उभ्या असलेल्या मामींचा चेहरा ताणलेला दिसतो. दुसरी जात जुन्या हँडीकॅमच्या वंशांतील. सोनीच्या एफडीआर-एएक्स४३ सारख्या यंत्रास वीसपट झूम असतो. मुलांचीं संमेलनें आणि नाटकें मागच्या रांगेंतून टिपणारांस त्याचा उपयोग आहे. पण या जातीचा विस्तार कंपन्यांनीं आवरता घेतला असून खोलींतील मंद प्रकाशांत तीही लंगडी पडते.

उरल्या दोन. एक, खिशांत मावणारे चौकोनी कॅमेरे. सोनीचा २०२० सालचा झेडव्ही-१ हें त्यांचें ठळक उदाहरण. त्याचें वजन सुमारें २९४ ग्रॅम, पडदा बाजूस उघडून स्वतःकडे फिरवितां येतो, वाऱ्याची टोपी बरोबर मिळते आणि बाहेरच्या माइकचें छिद्र आहे. त्याची बॅटरी मात्र लवकर दम टाकते; एक जादा घेतल्याशिवाय मुंज पुरी होणार नाहीं. कॅननचा २०२५ सालचा व्ही१ याच जातीचा. त्याचा संवेदक याहून मोठा आणि आंत थंड ठेवण्याचा लहान पंखा, पण वजन ४२६ ग्रॅम. तो खिशांत मावतो असें म्हणणारांचे खिसे कोटाचे असले पाहिजेत.

शेवटची जात म्हणजे दांड्यावर डोलणारें भिंग असलेला कॅमेरा. डीजेआय कंपनीचा २०२३ च्या ऑक्टोबरांत निघालेला ऑस्मो पॉकेट ३ हा त्यांतील सर्वांस ठाऊक झालेला. वजन १७९ ग्रॅम, आणि भिंग तीन अक्षांवर अशा रीतीनें तोललेलें कीं धरणाराचा हात कांपला तरी चित्र कांपत नाहीं. पडदा आडवा वळविला कीं यंत्र जागें होतें. निराळें बटण शोधावें लागत नाहीं. त्यास भिंगाचा खरा झूम नाहीं, ही उणीव. तें डोलतें भिंग नाजूकही असतें. डब्यांत न घालतां पर्समध्यें टाकूं नये. झेडव्ही-१ आणि हा, या दोन्हींचा संवेदक "एक इंची" म्हणविला जातो. वस्तुतः तो १३.२ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद एवढाच असतो. जुन्या काळच्या टेलिव्हिजन-नळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेलें तें नांव आहे, आणि नांव व अर्थ यांची अशी फारकत व्याकरणाच्या मास्तरास खुपणारच. तरीही कांहीं लहान कॅमेऱ्यांत असणाऱ्या १/२.३ इंची संवेदकाच्या चौपट त्याचें क्षेत्रफळ भरतें, आणि देवघरांतील अंधुक उजेडांत तो फरक डोळ्यांस दिसतो.

कोणता घ्यावा हें ठरवितांना आमची कसोटी एकच: घरांतील जें माणूस यंत्रास सर्वांत अधिक भितें, त्याला पांच मिनिटांत तो चालवितां आला पाहिजे. याचें कारण असें. घरोघरचीं जुनीं चित्रणें आठवून पाहावीं. त्यांत पुरुषमंडळी बैठकींत बसलेलीं दिसतात, मुलें नाचतांना दिसतात. ज्यांनीं पन्नास पानांचा स्वयंपाक केला त्या स्त्रिया एक तर पाठमोऱ्या दिसतात किंवा दिसतच नाहींत, कारण कॅमेरा धरणारा पुतण्या स्वयंपाकघरांत शिरलेलाच नसतो. जाऊबाईंच्या हातीं कॅमेरा गेला तर स्वयंपाकघर दिसेल. दहा वर्षांच्या नातीच्या हातीं गेला तर आजीचें तिच्याशीं चाललेलें बोलणें सांपडेल, जें पुतण्यापुढें आजी कधींच बोलणार नाहीं. या कसोटीला दांड्याचा कॅमेरा अधिक उतरतो असें आमचें मत झालें आहे. ज्यांच्या घरीं समारंभ दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोंकावरून टिपावयाचे असतील, त्यांनीं झूम असलेला चौकोनी घ्यावा.

कांहीं बारीक गोष्टी. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनांचा असल्यामुळें साधे दिवे सेकंदास शंभर वेळां मंद-तीव्र होतात. कॅमेरा सेकंदास ३० चित्रांवर लावला असेल तर कित्येकदां पडद्यावर काळसर पट्टे सरकतांना दिसतात. यादींत "पाल" असें लिहिलेलें असतें तें निवडून २५ किंवा ५० चित्रांवर ठेवावा, म्हणजे हा उपद्रव टळतो. फोर-के नांवाचें अतिसूक्ष्म चित्रण सेकंदास १०० मेगाबिट या प्रमाणानें घेतलें तर तासास ४५ गिगाबाइट जागा खातें. घरगुती कामास पूर्ण एचडी पुष्कळ होतें, आणि लहान यंत्र तापून मध्येंच बंद पडण्याचें भयही त्यानें कमी होतें. कार्ड व्ही३० खुणेचें घ्यावें, तें सेकंदास निदान ३० मेगाबाइट लिहून घेतें. आणि पहिल्याच दिवशीं कॅमेऱ्यांतील तारीख व वेळ बरोबर लावून ठेवावी. पुढें वीस वर्षांनीं बारसें कोणाचें, यावर घरांत होणारा वाद तेवढ्यानें मिटतो.

आतां विमान. तेथें कॅमेऱ्यापुढें पहिली अडचण उभी राहते ती खिडकीची. प्रवासी विमानाच्या खिडकीस बहुधा ॲक्रिलिकचे तीन पडदे असतात. मधल्या पडद्यास खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असून त्याभोंवतीं कित्येकदां हिमाचीं फुलें जमतात. स्वयंचलित भिंग डोंगर सोडून त्या फुलांवर किंवा पडद्यावरील ओरखड्यांवरच जाऊन बसतें. म्हणून भिंगाची दृष्टि हातानें दूरवर नेऊन तेथेंच बांधून टाकावी. कॅमेरा खिडकीच्या अगदीं जवळ धरावा, पण टेंकवूं नये, कारण विमानाची थरथर तशीच चित्रांत उतरते. आंतील दिव्यांचें प्रतिबिंब पडत असेल तर सासूबाईंची काळी शाल भिंगाभोंवतीं धरावी. विकत मिळणाऱ्या काळ्या रबराच्या झालरीपेक्षां ती अधिक चांगली. पोलरायझर नांवाची कांच भिंगावर असेल तर काढून ठेवावी, नाहीं तर ॲक्रिलिकवरील ताणामुळें आकाशांत नसलेलीं इंद्रधनुष्यें उमटतात. बोइंग ७८७ विमानांत खिडकीस सरकता पडदा नसून बटणानें काळवंडणारी कांच असते. ती किंचित् निळसर छटा देते, ती रंगांचा तोल हातानें लावून दुरुस्त करतां येते.

बसावें कोठें? पंखांच्या पुढें. मागें बसल्यास इंजिनाच्या तप्त वायूनें खालचा देखावा पाण्यांतून पाहिल्यासारखा हालतो, आणि आवाजही पुढच्या बाजूस कमी असतो. मुंबईहून गोव्यास जातांना विमान दक्षिणेस चालतें, म्हणजे डाव्या हातास सह्याद्रीची बाजू आणि उजव्या हातास समुद्राची. सकाळच्या वेळीं डावीकडून ऊन थेट भिंगांत येईल, तेव्हां उजवी बाजू घ्यावी. दुपारनंतर डावी, म्हणजे पश्चिमेचें ऊन डोंगरांवर पडलेलें दिसेल. लहान गांवांस जाणाऱ्या एटीआर ७२ सारख्या पंख्याच्या विमानांतून चित्रण करतांना पंख्याचीं पातीं वांकडीं, तुटलेलीं, हवेंत तरंगणारीं अशीं येतात, त्यानें घाबरूं नये. कॅमेरा चित्राची एकेक ओळ वरून खालीं वाचीत जातो आणि तेवढ्यांत पातें पुढें गेलेलें असतें, म्हणून हा चमत्कार दिसतो. मुलांस विज्ञान शिकविण्यास हा पाठ फार चांगला.

नियमांविषयीं थोडें काळजीनें लिहिलें पाहिजे. २०२० च्या सप्टेंबरांत चंदीगडहून मुंबईस येणाऱ्या एका विमानांत वृत्तप्रतिनिधींनीं चित्रणासाठीं गर्दी केली, त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें असा खुलासा केला कीं, प्रवाशानें आपल्या जागेवर बसून छायाचित्रें वा चलच्चित्रें घेण्यास हरकत नाहीं. मात्र ज्या उपकरणानें गोंधळ होईल, उड्डाणांत व्यत्यय येईल किंवा ज्यास विमानांतील सेवकवर्ग मनाई करील, तें वापरतां येणार नाहीं. म्हणजे सेविकेनें "बंद करा" म्हटलें कीं बंद करावा. तेथें पुतण्यानें नियमांचा कीस काढूं नये. कॅमेऱ्यांतील बिनतारी जोडण्याही मोबाइलप्रमाणेंच बंद ठेवाव्या. विमान चढतां-उतरतांना जड कॅमेरा हातांत असणें धोक्याचें असतें, लहान असल्यास त्याची दोरी मनगटांत अडकवावी.

संरक्षण दलाच्या विमानतळांवर चित्रणास बंदी असते. पुण्याचा लोहगांव विमानतळ हवाई दलाचा आणि गोव्याचा दाबोळी नौदलाचा, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसतें. २०२५ च्या मे महिन्यांत तर अशा तळांवर विमान १०,००० फुटांखालीं असतांना खिडक्यांचे पडदे ओढून घेण्याचा हुकूम निघाला होता. असे हुकूम प्रसंगानुसार निघतात व बदलतात. त्या दिवशीं विमानांत जी सूचना होईल ती खरी. गोव्यांतील मोपा येथील विमानतळ, जेथून २०२३ च्या जानेवारींत वाहतूक सुरूं झाली, नागरी आहे. तिकीट काढतांना ठाण्याच्या भगिनींनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. जादा बॅटऱ्या मोठ्या सामानांत देऊं नयेत, हातच्या पिशवींत प्रत्येक निराळ्या वेष्टनांत ठेवाव्या. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांस विमान कंपनीची निराळी परवानगी लागत नाहीं, आणि या लहान कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या त्याच्या पुष्कळ आंत बसतात.

इतकें सर्व करूनही बहुतेकांचीं विमानांतील चित्रणें कंटाळवाणीं होतात. ढग, पंख, पुन्हा ढग. याचें कारण शोधतांना आम्हांस कालिदासाची आठवण होते. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम सीतेसह पुष्पक विमानांतून लंकेहून अयोध्येस परततो. खालून सरकत जाणारा समुद्र, अरण्यें, नद्या यांचें वर्णन त्या सर्गांत आहे. परंतु तें कवि करीत नाहीं, राम सीतेस सांगत असतो. येथें असें घडलें, येथें तुझा शोध घेत मी आलों, असें. तीं स्थळें सीतेशीं बोललीं जातात म्हणून त्यांस अर्थ येतो. आमचे विद्यार्थी हा सर्ग परीक्षेसाठीं पाठ करीत. विमानांत खिडकीशीं बसून त्याचा उपयोग करतां येईल, हें तेव्हां आमच्याही ध्यानांत आलें नव्हतें.

तेव्हां खिडकीकडे भिंग लावून धरण्यापेक्षां सासूबाई खिडकींतून काय पाहतात आणि काय विचारतात, तें टिपावें. ती खाडी कोणती, आपलें घर येथून दिसेल काय, एवढ्या उंचीवर देवाचें नांव घेतलें तर चालेल ना, असलीं वाक्यें कोणत्याही देखाव्याहून मोलाचीं आहेत. विमानांत यंत्राचा घोष अखंड चालूं असतो आणि कॅमेरा शांततेच्या क्षणीं आपोआप आवाज वाढवून तो घोषच मोठा करतो. म्हणून आवाजाची पातळी हातानें बांधावी, आणि माइक सासूबाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. तारेचा माइक लुगड्याच्या कांठास लावला तर फारच उत्तम. शेजारच्या अपरिचित प्रवाशांस मात्र भिंगांत घेऊं नये. सेविकांसही विचारल्याशिवाय घेऊं नये, त्या आपल्या कामावर आहेत, आपल्या करमणुकीसाठीं नाहींत. देवळांतही गाभाऱ्याशीं कॅमेरा बंद करावा आणि पुजाऱ्यांनीं हो म्हटल्यावांचून पुन्हा काढूं नये. बाहेरच्या ओसरीवर बसून दर्शनानंतर सासूबाई जें बोलतील तें टिपलें म्हणजे झालें.

घरीं परतल्यावर कार्डावरील सर्व कांहीं त्याच आठवड्यांत दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवावें; एक घरीं आणि दुसरी माहेरीं किंवा परगांवच्या भावाकडे असावी. प्रत्येक तुकड्यास तिथि, स्थळ व माणसांचीं नांवें द्यावीं. ज्यांच्या घरीं जुन्या टेपा कपाटांत पडून आहेत, त्यांनीं त्या नव्या कॅमेऱ्याच्या आधीं उतरवून घ्याव्या. टेपेवरील चुंबकीय लेप वर्षांगणिक क्षीण होत जातो, आणि त्या वाजविणारीं यंत्रेंही आतां दुर्मिळ झालीं आहेत.

ठाण्याच्या भगिनींस याच संबंधांत एक सुचवावेंसें वाटतें. लग्नांतील चित्रण करणारास फोन करून पाहावा. पुष्कळ चित्रणकार गाणीं घालण्यापूर्वींच्या मूळ टेपा बरीच वर्षें ठेवून देत असत. त्या त्याच्या माळ्यावर असल्या तर तीवर मामंजींचा आवाज असूं शकेल. चित्रणकार मिळाला नाहीं तर त्याच दिवसांत नातलगांपैकीं कोणी आपल्या हँडीकॅमवर कांहीं टिपलें होतें काय, याची चौकशी मुलीच्या मामांकडे करावी. घरच्या माणसांनीं घेतलेल्या चित्रणांत गाणीं घातलेलीं नसतात.

आणि कौलच हवा असेल तर तो असा: दांड्याचा कॅमेरा घ्यावा, त्याबरोबर तारेचा एक माइक आणि तो जोडण्याचा योग्य सांधा घ्यावा, आणि पावती व दुरुस्तीची हमी जेथें मिळेल तेथेंच घ्यावा. पैसा घराच्या सामाईक खात्यांतून द्यावा, पुतण्यानें एकट्यानें नव्हे. म्हणजे मालकीचा प्रश्न उद्भवणार नाहीं. प्रवासापूर्वीं निदान तीन आठवडे तो घरांत यावा, म्हणजे सासूबाईंस त्याची संवय होईल आणि तो काढतांच त्या पदर सांवरून गप्प बसणार नाहींत. विमानांत त्यांस खिडकीची जागा द्यावी, शेजारीं नातीस बसवावें आणि कॅमेरा तिच्या हातीं द्यावा. पुतण्यानें पुढच्या रांगेंत बसावें, आणि मागें वळून सूचना देऊं नयेत.

राहिलेल्या दोन पत्रांपैकीं एकांत तारकर्लीस समुद्राच्या पाण्याखालीं चित्रण करण्याविषयीं विचारलें आहे. त्याचा परामर्श पुढील अंकीं घेऊं.